साडी तपासली ते ठीक, पाकीट उघडलं ते नाही

आधी पत्र, थोडं आवरून:

"सप्रेम नमस्कार. मी कोल्हापूरची, वय ६४. सध्या सहा महिन्यांसाठी मुलीकडे न्यू जर्सीत आले आहे. गेल्या महिन्यात एकटीच विमानाने टेक्सासला धाकट्या भावाकडे गेले. सिक्युरिटीच्या यंत्रातून बाहेर पडले तर एका बाईने मला बाजूला उभं केलं आणि रांगेतल्या सगळ्यांसमोर निऱ्यांवरून, कमरेवरून, पाठीवरून हात फिरवला. तिच्या चेहऱ्यावरची माशी हलली नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तोवर माझी पर्स एका तरुण मुलाने पट्ट्यावरून उचलली होती. त्याने मेतकुटाचा डबा उघडून बघितला, मग आतलं चिकटवलेलं पाकीट फोडलं. त्यात ४,८०० डॉलर होते. मुलीच्या इंजिनिअरिंगच्या फीसाठी भावाने एके काळी पैसे दिले होते, ते आता मुलीने स्वतःच्या कमाईतून काढून दिले. ऑनलाइन पाठवले असते तर त्याने उलट पाठवले असते, म्हणून त्याच्या हातात ठेवायचे होते. त्या मुलाने नोटा मोजल्या. फार गोड बोलत होता. 'मॅम, हे कुठून आणले? कुणाला देणार? एवढी कॅश कशाला?' मी घाबरून 'शॉपिंग' म्हणाले. त्याने हसून पाकीट परत दिलं. मुलगी म्हणते, तक्रार कर. जावईबापू म्हणतात, गप्प बसा, त्यांच्या मनात आलं तर व्हिसा रद्द करून परत पाठवतील. मला त्या मुलाबद्दल काही नाही, पण त्या बाईचा राग जात नाही. पुढच्या महिन्यात भावाच्या नातीच्या बारशाला पुन्हा जायचं आहे. काय करू? आणि अजून एक. पाकीट फाटलेलं कसं, असं भावाने विचारलं तेव्हा मी 'बॅगेत फाटलं असेल' म्हणाले. त्याला खरं सांगू का?"

ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा वाटलं, राग चुकीच्या माणसावर निघतोय. ज्या बाईच्या चेहऱ्यावरची माशी हलली नाही, तिने एक गोष्ट सोडली तर आपलं काम केलं. आणि 'मॅम, मॅम' करणाऱ्या त्या गोड पोराने आपलं काम सोडून भलतंच केलं.

हे उलगडून सांगते. त्याआधी एक कबुली: मी वकील नाही. इथे अमेरिकेत वकिलांच्या कचेरीत बावीस वर्षं फायली लावल्या, तिथे जे नजरेखालून गेलं त्यावर हे सदर चालतं. कुणाचे पैसे खरोखर जप्त झाले असतील तर त्यांनी मला पत्र लिहीत बसू नये, त्याच दिवशी वकील गाठावा.

ही निळ्या शर्टातली माणसं कोण, इथून सुरुवात करू. २००१ पर्यंत अमेरिकेत विमानतळावरची तपासणी ही विमान कंपन्यांची जबाबदारी होती आणि त्या ते काम कंत्राटी कंपन्यांना देऊन टाकत. ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर १९ नोव्हेंबर २००१ ला कायद्यावर सही झाली आणि टीएसए हे सरकारी खातं जन्माला आलं. सुरुवातीला त्यांचे शर्ट पांढरे असत. २००८ मध्ये निळे शर्ट आणि छातीवर धातूचा बिल्ला आला, आणि तेव्हापासून ही माणसं लांबून थेट पोलिसांसारखी दिसतात. ती पोलीस नाहीत. त्यांच्याकडे बंदूक नाही, बेड्या नाहीत, आणि कुणाला अटक करण्याचा अधिकारही नाही. काही गैर दिसलं तर त्यांना पोलिसांना बोलवावं लागतं. सॅन फ्रान्सिस्कोसारख्या काही विमानतळांवर तर हे तपासनीस आजही खासगी कंपनीचे नोकर असतात, नियम तेवढे टीएसएचे. तुमचा विमानतळ कोणता ते मी पत्रातून मुद्दाम गाळलं आहे. कुठलाही असो, उत्तर तेच राहील.

आपली अडचण अशी की आपण सीआयएसएफ बघून आलेलो असतो. डिसेंबर १९९९ मध्ये काठमांडूहून निघालेलं आयसी ८१४ हे विमान अपहरण करून कंदाहारला नेलं गेलं, त्यानंतर २००० च्या फेब्रुवारीत जयपूरपासून सुरुवात करून एकेक विमानतळ या दलाकडे गेला. ते सशस्त्र दल आहे, आणि १९६८ च्या त्यांच्या कायद्यानेच त्यांना ठरावीक गुन्ह्यांत वॉरंटशिवाय अटक करता येते. म्हणून गणवेश दिसला की आपण आधी सॉरी म्हणतो आणि काय झालं ते मग विचारतो. ही सवय घेऊन माणूस न्यू जर्सीत उतरला, की निळ्या शर्टालाही तो खाकीच समजतो.

आता त्यांचा अधिकार येतो कुठून? अमेरिकेच्या राज्यघटनेतली चौथी दुरुस्ती सांगते, की सरकारने सबळ कारणाशिवाय माणसाची, त्याच्या घराची, कागदपत्रांची झडती घ्यायची नाही. मग विमानतळावर रोज लाखो लोकांची झडती कशी चालते? त्यांच्यातल्या एकावरही कसला संशय नसतो. १९७३ पासून तिथल्या न्यायालयांनी याचं उत्तर असं दिलं आहे, की ही झडती गुन्हेगार पकडण्यासाठी नाहीच. हत्यार आणि स्फोटक विमानात जाऊ नये एवढ्यासाठी आहे, सगळ्यांची सारखीच आहे, म्हणून चालते. म्हणजे ज्या कारणासाठी परवानगी मिळाली, तेच कारण तिची हद्दही ठरवतं. खुंट्याला बांधलेलं जनावर दाव्याच्या लांबीपर्यंत मोकळं चरतं, त्यापलीकडे मान ओढली जाते. तसंच हे.

तुमची साडी दाव्याच्या आत येते. ऐकायला बरं वाटणार नाही, पण येते.

त्या उभ्या काचेच्या यंत्रात हात वर करून उभं राहतो ना आपण, त्याला तुमचं शरीर दाखवायचं नसतं. पडद्यावर सगळ्यांसाठी एकच बाहुली असते आणि जिथे काही जाड किंवा वेगळं लागलं तिथे चौकोन उमटतो. पाच-सहा निऱ्या एकावर एक, त्यात खोचलेलं टोक, वर पदर, आत परकराची नाडी. चौकोन न उमटला तरच नवल. चौकोन उमटला की तेवढा भाग हाताने बघायचा, हा त्यांचा नियम. यंत्र गप्प राहिलं तरी सैल किंवा घोळदार कपड्यांसाठी त्या बाजूला घेऊ शकतात.

आणि यातून मोठी माणसंही सुटली नाहीत. डिसेंबर २०१० मध्ये मिसिसिपीतल्या जॅक्सन विमानतळावर भारताच्या तेव्हाच्या राजदूत मीरा शंकर यांना असंच बाजूला घेतलं होतं. त्या साडीत होत्या. आपण कोण हे त्यांनी सांगितलं, तरी अंगझडती झालीच. दिल्लीतून परराष्ट्रमंत्री एस. एम. कृष्णा यांनी हे आम्हाला मान्य नाही असं जाहीर सुनावलं. टीएसएचं म्हणणं एवढंच, की नियमाप्रमाणे झालं. मला तेव्हा प्रचंड राग आला होता. आजही थोडा आहे. पण राजदूताला जो नियम, तो कोल्हापूरच्या ताईंना, हे एका अर्थी बरंच म्हणायचं.

मग तुम्हाला मेल्याहून मेल्यासारखं का झालं? मला वाटतं, हात फिरवला यापेक्षा सगळ्यांसमोर फिरवला म्हणून. आपल्याकडे विमानतळावर बायकांसाठी पडद्याचा आडोसा असतो. आत एक बाई, बाहेर रांग. तो आपल्याला इतका गृहीत असतो, की दुसरीकडे तो नसेल हे मनातच येत नाही. अमेरिकेत आडोसा आहे, पण मागावा लागतो. 'प्रायव्हेट, प्लीज' एवढे दोन शब्द पुरतात. मग वेगळ्या खोलीत नेतात, तपासणारी बाईच असते, आणि सोबत आपलं माणूस असेल तर त्यालाही आत घेता येतं. कपडे उतरवायला त्या सांगू शकत नाहीत. हात कुठे आणि कसा लावणार हे आधी तोंडाने सांगायला हवं, आणि तुमच्या बाईने ते सांगितलं नसेल तर तिची तेवढी एक चूक. कदाचित तिने सांगितलंही असेल. त्या घाईत, त्या उच्चारात, आपल्याला निम्मं कळत नाही. मला स्वतःला पहिली दोन वर्षं कळत नव्हतं.

इथेच एक गोष्ट सांगून ठेवते, कारण पुष्कळांचा गैरसमज असतो की 'नाही पटलं तर मी जात नाही विमानाने, घरी जाते' म्हटलं की सुटका. रांगेत उभं असेपर्यंत तसं म्हणता येतं. एकदा सामान पट्ट्यावर ठेवलं किंवा त्या चौकटीतून पाऊल टाकलं की येत नाही. होनोलुलूच्या विमानतळावर एका माणसाने मधेच 'मला जायचंच नाही' म्हणून पाहिलं. खिशात अमली पदार्थ ओढायची नळी निघाली. २००७ मध्ये नवव्या सर्किटच्या न्यायालयाने (सर्किट म्हणजे काही राज्यं मिळून असलेलं केंद्रीय अपील न्यायालय) ठरवलं, की सुरू झालेली तपासणी प्रवाशाने मधेच थांबवायची नाही. तशी मुभा दिली तर स्फोटक घेऊन आलेला माणूस रोज एका दारावर प्रयत्न करून बघेल. मला हे पटतं. तपासणीत अडथळा आणला म्हणून हजारो डॉलरचा दंडही लागू शकतो, तेव्हा हात झटकणं वगैरे अजिबात नको. यंत्र नको असेल तर मात्र आधीच 'नो स्कॅनर' म्हणता येतं, सहसा मानतात. बदल्यात हाताने तपासणी होते, म्हणजे तुमच्या कामाचं नाही. ओळखपत्र बघताना कॅमेऱ्यासमोर चेहरा धरायला सांगतात, त्यालाही नाही म्हणता येतं. मग पासपोर्ट डोळ्यांनी ताडून बघतात.

आता ते पाकीट.

त्या मुलाला थोडा न्याय देऊ. एक्स-रेमध्ये कागदांचा घट्ट गठ्ठा दिसला, आत काय आहे ते कळेना, म्हणून त्याने पाकीट उघडलं, इथपर्यंत मी समजू शकते. पण नोटा दिसल्या त्या क्षणी त्याचं काम संपलं. नोटांचा स्फोट होत नाही. मोजणं, कुठून आणले विचारणं, कुणाला देणार विचारणं, हे सगळं दाव्यापलीकडचं. तो कितीही गोड बोलला तरी पलीकडचंच. उलट गोड बोलतो तेव्हाच आपण उत्तर देऊन बसतो.

हे माझं नुसतं मत नाही. मार्च २००९ मध्ये सेंट लुइसच्या विमानतळावर स्टीव्हन बिअरफेल्ट नावाचा एक तरुण असाच थांबवला गेला. रॉन पॉल या अमेरिकी राजकारण्याच्या चळवळीतल्या एका संस्थेत तो काम करायचा. परिषदेत जमलेली रक्कम एका धातूच्या पेटीत घेऊन चालला होता. किती, तर साधारण ४,७०० डॉलर. तुमच्यापेक्षा शंभर कमी! त्याला खोलीत नेऊन तेच प्रश्न: कुठून आणले, कशासाठी. त्याने एकच वाक्य धरून ठेवलं, 'कायद्याने मला याचं उत्तर देणं बंधनकारक आहे का?' त्यावर सरळ उत्तर कुणीच दिलं नाही, दमदाटी तेवढी केली. पोराने खिशातल्या फोनवर सगळं रेकॉर्ड केलं होतं. त्याच्या वतीने एसीएलयू ही नागरी हक्कांची संघटना न्यायालयात गेली. निकाल लागायच्या आधीच, त्याच वर्षीच्या शरद ऋतूत टीएसएने आपल्या माणसांना दोन लेखी सूचना काढल्या. पहिली, विमानाच्या सुरक्षेशी संबंध नसलेले गुन्हे शोधण्यासाठी तपासणी वापरायची नाही. दुसरी, मोठी रोकड बाळगून प्रवास करणं बेकायदा नाही. मग खटला मागे घेतला गेला.

त्याच वर्षी ओहायोतही एक निकाल आला, आणि तो तर पाकिटांचाच. कोलंबसच्या विमानतळावर एका प्रवाशाच्या सामानातली पाकिटं फोडली, आत खोटे पासपोर्ट निघाले. न्यायालयाने तो पुरावाच बाद ठरवला, कारण ही झडती हत्यार-स्फोटकांच्या शोधाची राहिलेली नव्हती. बघा, माणूस खरोखर खोटे पासपोर्ट घेऊन चालला होता, तरी! सगळी न्यायालयं इतकी कडक असतात असं नाही, आणि हत्यार शोधताना गांजा किंवा तसलं काही सहज समोर आलं तर तपासनीस पोलिसांना बोलावतातच. पण तुमच्या पाकिटात होते भावाचे पैसे.

म्हणून पुढच्या वेळी कुणी विचारलं, तर खोटं बोलू नका. 'शॉपिंग' हे उत्तर तुम्हाला निरुपद्रवी वाटलं. त्या एका शब्दासाठी कुणी तुमच्या दारात येणार नाही, निवांत झोपा. पण अमेरिकेत सरकारी कामात जाणूनबुजून खोटं सांगणं हा स्वतंत्र गुन्हा आहे. न बोलणं हा नाही. तेव्हा एकतर खरं सांगा, 'फॉर माय ब्रदर', नाहीतर हसून म्हणा, 'आय प्रिफर नॉट टू आन्सर'. हे वाक्य बाथरूममध्ये पाच वेळा मोठ्याने म्हणून बघा. मी विनोद करत नाहीये. ऐनवेळी तोंडातून फक्त सरावातलंच बाहेर येतं.

न बोलल्यावर तो काय करेल? थोडा वेळ खाईल, वरिष्ठाला बोलवेल. वरिष्ठाला बोलवा असं तुम्ही स्वतःही म्हणू शकता, बहुतेक वेळा तिथेच मिटतं. रोकड संशयास्पद वाटली म्हणून त्याने पोलिसांना कळवलं, तर गोष्ट वेगळ्या हातात जाते, आणि हे तुम्हाला न सांगता पुढे जाणं बरं नाही. २०१९ मध्ये पिट्सबर्गच्या विमानतळावर एक मुलगी आपल्या म्हाताऱ्या वडिलांची आयुष्यभराची पुंजी, ८२,३७३ डॉलर, बँकेत टाकायला बॉस्टनला घेऊन चालली होती. तपासणीत रोकड दिसली, मग अमली पदार्थविरोधी खात्याचा माणूस आला आणि त्याने पैसे ठेवूनच घेतले. गुन्हा कुणावरच दाखल झाला नाही. न्यायालयात गेल्यावर पैसे परत मिळाले, पण महिन्यांनी. असल्या तक्रारी साचत गेल्या आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये न्याय खात्याने त्या खात्याला विमानतळांवर असं प्रवाशांना गाठून 'संमतीने' झडत्या घेणं थांबवायला लावलं. तेव्हा घाबरू नका, पण पुन्हा कधी रोकड नेलीत तर बँकेतून पैसे काढल्याची पावती त्याच पाकिटात घालून ठेवा. पर्स नजरेआड होऊ देऊ नका. तुम्हाला बाजूला घेतलं तर 'माय बॅग, प्लीज' म्हणा, ती तुमच्या डोळ्यांसमोर ठेवायला हवी. देशांतर्गत विमानात रोकड किती न्यावी याला बंधन नाही. १०,००० डॉलरच्या वर असेल तर लिहून द्यावं लागतं ते देशात येताना किंवा देशाबाहेर जाताना.

यावरून जावईबापूंकडे येते. त्यांना हसू नका. व्हिसावर वर्षं काढलेल्या माणसाला प्रत्येक काउंटर हा शेवटचा काउंटर वाटतो, आणि ती भीती त्यांना कुणी उगाच शिकवलेली नाही. पण त्यांनी दोन गणवेश एक करून टाकलेत. भारतातून उतरल्यावर पासपोर्टवर शिक्का मारायला बसतात ते सीबीपी, सीमेवरचे अधिकारी. त्यांच्या कमरेला बंदूक असते. ते व्हिसाधारकाला आत घ्यायचं की नाही ठरवू शकतात, फोन उघडून मागू शकतात, आणि तिथे 'उत्तर द्यायचं नाही' म्हणणं तुम्हाला महागात पडू शकतं. त्या काउंटरवर जावईबापूंचा सल्ला शंभर टक्के बरोबर. तिथे आगाऊपणा करू नका. न्यू जर्सीहून टेक्सासला जाताना जो भेटतो त्याच्या हातात व्हिसा नाही. फोन चालू करून दाखवा म्हणू शकतो, पण आतले मेसेज वाचणं त्याचं काम नाही. तो विमानात बसायचं थांबवू शकतो आणि पोलिसांना बोलवू शकतो, यापुढे काही नाही. हो, पोलीस येण्यासारखं काही केलं आणि खरंच अटक झाली, तर व्हिसाची गुंतागुंत होते. पण शांतपणे एका प्रश्नाला नाही म्हणणं हे त्यात बसत नाही. पासपोर्ट आणि आय-९४ चा कागद (देशात आल्याची सरकारी नोंद) मात्र पर्समध्ये असू द्या, परक्या नागरिकाने तो जवळ बाळगावा असा कायदाच आहे.

तक्रार करावी का? करावी, असं मला वाटतं. पण त्या मुलाची. टीएसएच्या संकेतस्थळावर अर्ज आहे, मुलगी दहा मिनिटांत भरून देईल. तारीख, अंदाजे वेळ, कुठलं टर्मिनल, कुठली रांग, आणि काय झालं ते क्रमाने: पाकीट चिकटवलेलं होतं, त्याने फोडलं, नोटा दिसल्यावरही मोजल्या, हे तीन प्रश्न विचारले. विशेषणं नकोत. 'अपमानास्पद', 'धक्कादायक' असं काही लिहिलं की वाचणारा तिथेच थांबतो, हे मी फायली लावता लावता शिकले. लवकर लिहा, कारण कॅमेऱ्याचं चित्रण कायमचं जपून ठेवत नाहीत. त्या बाईबद्दल हवं तर एक ओळ, की खोलीत तपासणी होऊ शकते हे मला सांगितलं गेलं नाही. साडी नेसणाऱ्या पुढच्या बाईला त्याचा उपयोग होईल.

दावा वगैरे करायची तुमची गोष्ट नाही. तरी माहितीसाठी सांगते, कारण मुलगी विचारणार. बरीच वर्षं अशी स्थिती होती, की तपासनिसाने मारहाण केली किंवा खोटा आळ घेतला तरी सरकारवर दावा करणं जवळपास अशक्य होतं, कारण तपासनीस पोलीस असल्याशिवाय असा दावा करू देणारा कायदा लागू होत नाही असं सरकार म्हणायचं. म्हणजे बिल्ला मिरवायला पोलीस, आणि जबाब द्यायची वेळ आली की पोलीस नाही. फिलाडेल्फियाच्या विमानतळावर २००६ मध्ये एका बाईशी तपासनिसांचा खटका उडाला, तिच्यावर फौजदारी झाली, ती सुटली, आणि मग ती नि तिचा नवरा यावरच भांडत राहिले. २०१९ मध्ये तिसऱ्या सर्किटच्या पूर्ण पीठाने नऊ विरुद्ध चार मतांनी ठरवलं, की झडती घेणारा तो या कायद्यापुरता झडतीचा अधिकारीच, त्यामुळे दावा करता येईल. न्यू जर्सी याच न्यायालयाच्या हद्दीत येतं. मुदत दोन वर्षांची असते, त्याआधी खात्याकडे लेखी मागणी करावी लागते. तेरा वर्षं लागली त्या जोडप्याला तिथवर पोचायला.

बारशाच्या प्रवासासाठी बारीकसारीक. साडीच नेसायची असेल तर नेसा. पंजाबी ड्रेस घातला तर सुटाल असं मी सांगणार नाही, ओढणी आणि सैल सलवारीलाही तोच चौकोन उमटतो. फार पिना लावू नका. मंगळसूत्र काढायची गरज नाही. न निघणाऱ्या बांगड्या असतील तर आधीच दाखवा. हाताला ग्लिसरीन असलेलं क्रीम लावून जाऊ नका, स्फोटकाचे कण शोधायला हातावरून कापडी पट्टी फिरवतात, तिचं यंत्र त्याला कधी कधी फसतं. बूट-चप्पल काढायला लावणं २०२५ च्या जुलैपासून बंद झालंय. औषधाच्या बाटल्या १०० मिलिलिटरच्या वर असल्या तरी चालतात, पण पट्ट्यावर ठेवतानाच सांगायच्या. लाडू, चिवडा, वड्या खुशाल न्या. लोणचं आणि तूप त्यांच्या लेखी पातळ पदार्थ, तेव्हा ते चेक-इनच्या बॅगेत. आणि मेतकूट! पूड साडेतीनशे मिलिलिटरच्या वर असली की तिची वेगळी तपासणी होऊ शकते, हा नियम खराच आहे. डबा उघडून बघितला तो नियमाने. हिंग-मेथीचा तो वास त्या पोराच्या नाकात दिवसभर राहिला असेल, तेवढीच शिक्षा त्याला.

राहिला भाऊ. सांगा त्याला. फाटक्या पाकिटाचा प्रश्न त्याने विचारलाय म्हणजे त्याच्या मनात काहीतरी आहेच. बहिणीला पैसे कमी पडले आणि तिने त्यातून घेऊन पुन्हा भरले, असंही त्याला वाटत असेल, सांगता येत नाही. तुम्ही एकदा त्या मुलाला 'शॉपिंग' म्हणालात, एकदा भावाला 'बॅगेत फाटलं' म्हणालात. पैसे एकच, आणि दोन्ही वेळा त्यांची खरी गोष्ट सांगायची राहून गेली. फोनवर नको. बारशाला जाल तेव्हा, पाहुणे गेल्यावर, चहा घेताना सांगा.